बाहेरून लावलेली कडी

४ फेब्रुवारी

दादा,

मायना काय लिहावा कळेना, म्हणून नुसतंच दादा. तीन वर्षांनी लिहितेय, आणि तेही गरज पडली म्हणून. तुला एक-दोन दिवसांत सरकारी पाकीट मिळेल. खाकी, जाड, कोपऱ्यात 'ज्येष्ठ नागरिक संरक्षण कार्यालय' असा शिक्का. ते उघडण्याआधी हे वाच. आधीच उघडलं असशील तरी वाच.

बाबांना घरात कोंडून ठेवल्याची तक्रार आली, अधिकारी येऊन पाहून गेल्या, आणि सोळा मार्चला सुनावणी आहे, असं त्यात लिहिलंय. वडिलांची जबाबदारी कायद्यानं सगळ्या मुलांवर सारखीच, म्हणून नोटीस तुलाही. 'या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस' असं मी तुला बजावलं होतं, हे सरकारला ठाऊक नाही. सरकारला वाटतं आपण भाऊ-बहीण आहोत.

गोष्ट तशी काहीच नाही. मी चष्म्याच्या दुकानात जाते तेव्हा घराला बाहेरून कडी घालून कुलूप लावते. दोन-एक तास. दुपारी जेवायला येतेच. बाबांना हल्ली गोष्टी आठवत नाहीत, एकटे बाहेर पडले तर वाट चुकतात. मग दुसरं काय करायचं? तर कुणा शेजारणीनं म्हणे ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन केला. शेजारीण! मला तुझाच संशय आहे. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय जुनी आहे. केला असशील तर तसं सरळ लिही.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते, कारण नोटिशीत ते नाही. मला ते खालच्या शिंप्यानं सांगितलं.

चारच्या सुमाराला एक बाई जिना चढून आल्या. पन्नाशीच्या असतील. सपाट चपला, खांद्याला कापडी पिशवी. कुलूप पाहिलं, दार वाजवलं.

आतून बाबा म्हणाले, "कोण?"

"संरक्षण कार्यालयातून आलेय. तुम्ही बरे आहात का ते बघायला."

"ओळखपत्र?"

"आहे ना."

"दाखवा. तोंडी कुणीही काहीही सांगतं."

तर बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवलं. शिंपी म्हणतो, मला वाटलं गेलं आता ते कार्ड. मग ते हळूच परत बाहेर आलं, आणि बाबांचा आवाज: "शिक्का पुसट आहे. अर्धा फोटोवर यायला हवा. नवीन करून घ्या."

"घेते, साहेब," बाई म्हणाल्या.

शिंपी हातोडी घेऊन वर आला होता. कुलूप तोडायचा अधिकार होता बाईंना, पोलीस बोलवायचाही. त्यांनी आधी बाबांना एकेक विचारून घेतलं. कुठे लागलंय का, पाणी आहे का, गॅस बंद आहे का. मग शिंप्याला म्हणाल्या, "आतला माणूस घाबरलेला नाही. आपण दार फोडलं तर घाबरेल. थांबू या." आणि जिन्याच्या पायरीवर बसून दीड तास त्या दारापलीकडच्या माणसाशी गप्पा मारत राहिल्या. कशाबद्दल, तर तराजूबद्दल. दांडी कशी तपासतात, वजनाखाली मेण कसं लावतात, पारड्याच्या पोटात लोहचुंबक कुठे दडवतात. चौतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होता माणूस, त्याला असा श्रोता कधी मिळाला होता? आपण दोघं तर लहानपणी कान झाकून घ्यायचो.

मी आले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. त्या दिवशी नेमका उशीर झाला. जिन्याच्या वळणावरून त्यांच्या चपला दिसल्या, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मला न सांगताच सगळं कळलं. आता शेजारपाजाऱ्यांसमोर माझी शोभा होणार, असं वाटलं. त्या उठल्या, कपडे झटकले आणि म्हणाल्या, "ताई, किल्ली सावकाश लावा."

बस. एवढंच बोलल्या.

सुनावणीला यायचं नसेल तर लेखी म्हणणं पाठव. पत्ता नोटिशीवर आहे. बाबा बरे आहेत.

धाकटी


१५ फेब्रुवारी

दादा,

पाकीट मिळाल्याची तुझी सही सरकारला पोचली. मला काही पोचलं नाही. ठीक आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाबा वाट चुकतात. ते अर्धंच खरं आहे. वाट चुकले असते तर बरं झालं असतं. ते कामावर जातात.

सकाळी उठून दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट मागतात आणि बाजारात फेरीला निघतात. निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली, हे त्यांच्या लेखी झालेलंच नाही. कुठल्याही दुकानात शिरायचं, "वजनं काढा" म्हणायचं. पहिले काही महिने लोकांनी गंमत म्हणून घेतलं. जुने लोक तर उठून उभे राहायचे, "या साहेब" म्हणायचे. पण रोजचं झाल्यावर गमतीचीही कटकट होते. नोव्हेंबरात एका धान्याच्या दुकानातून त्यांनी दोन किलोचं वजन उचललं, "जप्त" म्हणाले आणि चालू लागले. दुकानातल्या हमालानं ढकललं. भुवईवर तीन टाके पडले.

त्यानंतर आठवड्यानं ते दुपारभर सापडेनात. मी आणि शिंप्यानं सगळा बाजार पालथा घातला. संध्याकाळी कळलं, हायवेच्या पलीकडे ट्रक तोलायचा काटा आहे ना, तिथे होते. पाच किलोमीटर चालत. भर रस्त्यात एका ट्रकसमोर हात वर करून उभे. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं ब्रेक दाबला आणि खाली उतरून त्यांना सावलीत बसवलं. मी पोचेपर्यंत तो ट्रक बाजूला लावून त्यांच्यापाशीच बसून होता.

दुसऱ्या दिवशी मी कडी-कुलूप आणलं.

आणि दोन तास नाही, दादा. साडेनऊ ते साडेपाच. दुपारी जेवायला येते असं मी तुला लिहिलं, बाईंनाही तेच सांगितलं. सुरुवातीला येत होते. मग दुकानात काचा घासायला मी एकटीच उरले, तेव्हा कधी यायचे, कधी नाही. शेवटी शेवटी गर्दी नसली तरी यायचे नाही. का, ते पुढे कधी तरी.

बाई पुन्हा आल्या होत्या, घर नीट बघायला. अंथरूण पाहिलं, औषधं पाहिली, बाबांची नखं पाहिली. मग दाराशी आल्या आणि आतल्या बाजूनं बसून राहिल्या बघत. मीही पहिल्यांदाच तिथे खाली बसून पाहिलं. बिजागरीच्या स्क्रूभोवती लाकूड पार खरवडून निघालं होतं. रोज थोडं थोडं. त्यांच्या उशीखाली एक चमचा सापडला, त्याचं टोक घासून चपटं झालेलं. दीड स्क्रू त्यांनी बाहेर काढला होता.

मी म्हटलं, "हे नाही लिहिलं तर नाही का चालणार?"

"लिहावं लागेल."

"तुम्ही बाबांना घेऊन जाल?"

"ते ठरवणं माझ्या हातात नाही. दिसलं ते लिहिणं माझ्या हातात आहे. आणि मला इथे बाकीचंही पुष्कळ दिसलंय, ते पण लिहिणार आहे."

मी गयावया केली, दादा. मी! तू ओळखतोस मला. त्या ऐकून घेत होत्या, पण पेन थांबलं नाही. निघताना बाबांपाशी जाऊन म्हणाल्या, "साहेब, पाहणी झाली. येते." बाबांनी त्यांना विचारलं, "पंचनामा केलात?" त्या हो म्हणाल्या. "एक प्रत संबंधितांना द्या," बाबा म्हणाले. त्यांनी खरोखरच पिशवीतून कार्बन काढून माझ्यासाठी प्रत लिहून दिली.

मला इतका राग आला होता त्यांचा! आणि रागातच आठवलं, मामाच्या दुकानातला तराजू बाबांनी जप्त केला होता. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तू आणि मी मधे निरोपे. "बाबांना सांग भाजीत मीठ कमी आहे." "आईला सांग मापात पाप चालणार नाही, मग ते माहेरचं का असेना." त्या आठ दिवसांत ते एकदाही म्हणाले नाहीत की माझं चुकलं. तेव्हा मला अशी माणसं आवडायची. आता अंगावर आल्यावर कळतंय, किती जड असतात ती.

दाराला कडी आता नाही. त्या दिवशी बाईंनी पिशवीतून पाना काढून ती स्वतःच उतरवली. पंधरा दिवसांसाठी कार्यालयाकडून एक मदतनीस बाई येतात, दहा ते सहा.

धाकटी


२ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ. 'तक्रार मी केली नाही.'

माहीत आहे मला. मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. थांब, ते सांगते. आधी बाकीचं सांगू दे, मला तिथपर्यंत जायला जरा वेळ लागेल.

कार्यालयाचे डॉक्टर घरी येऊन गेले. सरकारी डॉक्टर घरी येतो, हे मला माहीतच नव्हतं. साठीच्या पुढच्या कुणासाठीही येतात म्हणे, फक्त कळवावं लागतं. त्यांनी बाबांना तासभर तपासलं. आजाराला स्मृतिभ्रंश म्हणाले. मी तीन वर्षं त्याला 'हट्ट' म्हणत होते. कानात मळाचा एवढा मोठा गोळा निघाला, त्यानंतर बाबा निम्मं ओरडायचे थांबले. ऐकूच येत नव्हतं त्यांना! मी समजायचे मुद्दाम उत्तर देत नाहीत.

मनगटाला आता एक पट्टी आहे, तिच्यावर हेल्पलाइनचा आणि माझा नंबर. दारात एक चटई दिलीय, तिच्यावर पाय पडला की घंटा वाजते. आणि सोमवार ते शुक्रवार पालिकेच्या जुन्या शाळेत ज्येष्ठांचं केंद्र भरतं. सकाळी गाडी येते, संध्याकाळी सोडते. पहिल्या दिवशी बाबा गाडीत चढेनात. बाईंनी ड्रायव्हरला काय सांगितलं कोण जाणे. तो खाली उतरला, दार उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, सरकारी गाडी आलीय." चढले! केंद्राच्या स्वयंपाकघरात मोठा तराजू आहे. बाबा रोज सकाळी तो तपासतात, वहीत सही करतात. स्वयंपाकीणबाई मला सांगत होत्या, "खरंच पन्नास ग्रॅमचा फरक होता हो त्यात. चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

आणि बाजार. एका बुधवारी बाई बाबांना घेऊन स्वतः बाजारात फिरल्या. प्रत्येक दुकानात. मी मागे दहा पावलांवर. त्या दुकानदाराला बाजूला घेऊन दोन मिनिटं बोलायच्या, हेल्पलाइनचा नंबर लिहिलेला कागद द्यायच्या. ज्या दुकानात टाके पडले होते, तिथे मात्र आवाज चढला. दुकानदार म्हणाला, "वेडा माणूस मोकळा सोडता आणि आम्हाला शिकवता?" बाई म्हणाल्या, "वेडा नाही, आजारी आहे. ऐंशीच्या माणसाला ढकलणं गुन्हा आहे. यांच्या मुलीनं तक्रार दिली नव्हती, म्हणून तुम्ही दुकानात बसला आहात. पुढची तक्रार मी देईन." आवाज न चढवता. तो हमाल मागून पुढे आला आणि त्यानं बाबांची माफी मागितली. बाबांना काही आठवत नव्हतं. ते म्हणाले, "ठीक आहे, वजनं काढा." त्यानं काढली. भाजीवाली तर आता लांबूनच हाक मारते, "साहेब, आधी माझी तपासा, बोहनी व्हायचीय."

मी म्हटलं, "मॅडम, तुमचा अख्खा दिवस गेला यात." तर म्हणाल्या, "गेला कुठे? हेच काम आहे माझं." त्यांच्याकडे अशी एकशे त्रेसष्ट घरं आहेत. डाव्या हातावर चावल्याचा व्रण आहे. विचारलं तर हसल्या. "एका आजींना वाटलं मी त्यांचा रेडिओ न्यायला आलेय."

आता सांगते.

जानेवारीत एके सकाळी बाबांचे कपडे ओले झाले होते. तिसऱ्यांदा. मला उशीर होत होता. ते उठेनात, म्हणून मी त्यांचं मनगट धरून ओढलं. जोरात ओढलं. पिळलं, असं लिहायला हवं. पंचनाम्यात बाईंनी 'जुना निळा डाग' एवढंच लिहिलंय, पण तुला मी सांगतेय, पिळलं. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, घाबरू नका. मी तुमची तक्रार लिहिणार नाही."

दादा, आपले बाबा. सख्ख्या मेव्हण्याची तक्रार लिहिणारे.

दुपारी जेवायला घरी का जायचे नाही, ते आता कळलं ना तुला? मला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती. त्या दिवशी दुकानात दुपारी कुणी नव्हतं. चष्म्याच्या डबीवर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो, रोज पन्नास डब्या माझ्या हातातून जातात. मी फोन लावला. म्हटलं, मी समोरच्या घरातली शेजारीण बोलतेय, इथे एका म्हाताऱ्या माणसाला कोंडून ठेवतात, तुम्ही लवकर या. पलीकडचा माणूस म्हणाला, "बरं झालं तुम्ही कळवलंत." पण नुसता फोन ठेवून दिला नाही त्यानं. विचारलं, "तुम्ही स्वतः ठीक आहात ना?" मी फोन आपटला.

काल बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "समोरच्या घराला दोन वर्षं कुलूप आहे, ताई. पहिल्याच दिवशी पाहिलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं, असा नियम आहे. तुम्हाला तरी कसं सांगणार?"

आणि दोघी हसलो. मी किती दिवसांनी हसले, ते मोजवत नाही.

बाबांना वृद्धाश्रमात ठेवू या, असं तू म्हणाला होतास, तेव्हा मी तुला काय काय बोलले. माझ्या अंगात बळ आहे तोवर मी एकटी बघेन, असं छाती ठोकून म्हणाले. त्यानंतर 'जमत नाही' म्हणायची सोयच उरली नाही. तुला लिहिण्यापेक्षा स्वतःविरुद्ध तक्रार करणं सोपं वाटलं मला. हे वाचून तू काय म्हणशील ते म्हण.

धाकटी


१७ मार्च

दादा,

काल सुनावणी झाली. तू येशील असं मला वाटलं नव्हतं, पण मी दाराकडे बघत होते.

लहानशी खोली. एक लांब टेबल, पलीकडे सुनावणी घेणारे अधिकारी, शेजारी कारकून, आणि आमच्या बाई. आमच्या आधी एक मुलगा बाईंच्या अंगावर धावून बोलत होता, "तुम्ही घरं फोडता." त्यांनी त्याचं सगळं बोलणं होऊ दिलं आणि मग त्याच्या आईला विचारलं, "तुम्हाला पाणी हवंय?" हाच स्वभाव त्यांचा. माणूस आधी, भांडण मागाहून.

बाबा इस्त्रीच्या शर्टात. खुर्चीवर बसल्या बसल्या अधिकाऱ्यांना म्हणाले, "चालू द्या कामकाज." अधिकारीही तसेच. म्हणाले, "आभारी आहे, साहेब."

बाईंनी अहवाल वाचला. एकही शब्द गाळला नाही. आठ तास कुलूप. चमचा. दीड स्क्रू. मनगटावरचा डाग. मी खाली बघत होते. मग त्याच आवाजात, पान उलटून: अंगावर एकही जखम चिघळलेली नाही. नखं कापलेली. औषधं वेळेनुसार वेगळ्या डब्यांत. रोज दाढी. अंथरूण स्वच्छ. मुलगी तीन वर्षांत एकही दिवस सुट्टीवर गेलेली नाही. "दोन्ही खरं आहे," असं म्हणून त्या बसल्या. माझी बाजू कुणी घ्यावी असं मला वाटत होतं. त्यांनी बाजू घेतली नाही. नुसतं नीट तोललं. आणि तेवढ्यानं माझं जे झालं, ते कुणी पाठीशी घातलं असतं तरी झालं नसतं.

मग तुझं म्हणणं वाचलं. तू मला आधी का नाही दाखवलंस? 'नोटिशीत जे लिहिलंय त्यातलं निम्मं माझ्या नावावर लिहावं. बहिणीनं येऊ नको म्हटलं आणि मला ते सोयीचं पडलं. मी तीन वर्षं तिच्या रागाच्या आड लपलो.' कारकून सरकारी आवाजात वाचत होता, आणि मी पदरानं, बाह्यांनी, मिळेल त्यानं डोळे पुसत होते.

शेवटी अधिकारी बाबांकडे वळले. कायदाच तसा आहे म्हणे, ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, मग त्याला उत्तर देता येवो न येवो.

"साहेब, तुम्हाला कुठे राहायला आवडेल?"

"घरी."

"घरी कोण असतं?"

बाबा माझ्याकडे वळले. "ही असते."

"ही कोण?"

बाबांनी कपाळ चोळलं. कारकुनानं पेन खाली ठेवलं. बाईंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नका.

"नाव आठवत नाही," बाबा म्हणाले. "पण माणूस खात्रीचं आहे."

निर्णय असा: बाबा घरीच राहणार. बाहेरून दार लावायचं नाही, कधीच. केंद्र चालू. वर्षभर बाई न कळवता येऊन पाहणार. मी दर महिन्याला सांभाळणाऱ्यांच्या बैठकीला जायचं, तिथे माझ्यासारखे पंधरा-वीस जण असतात. माझ्या नावावर लेखी ताकीद, तीही मी सही करून घेतली. आणि तुझ्यासाठी: वर्षातून दोनदा, प्रत्येकी तीन आठवडे, बाबांची जबाबदारी तू घ्यायचीस, आणि त्या काळात मी घरात राहायचं नाही. हा शेवटचा मुद्दा बाईंनी घालायला लावला. मी म्हटलं, मी कुठे जाणार? त्या म्हणाल्या, "ते शोधायला तुम्हाला महिना आहे."

सरकार कुणाला माया करायला लावू शकत नाही, असं तू एकदा म्हणाला होतास. लावू शकत नसेल. पण माया करायला माणूस उरावा, एवढी सोय मात्र करू शकतं. मी बघितलीय.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ये.

धाकटी


९ मे

दादा,

इथे समुद्र आहे आणि शाळेतली माझी मैत्रीण आहे, जी मला कामाला हात लावू देत नाही. पहिले चार दिवस मी नुसती झोपले. दिवसा, जेवून, पुन्हा झोपले. पाचव्या दिवशी तिनं मला हलवून विचारलं, "जिवंत आहेस ना?"

काल फोनवर तू विचारलंस आणि मी काहीबाही बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितेय. फोनपेक्षा कागदावर मी बरी माणूस आहे.

तू म्हणालास, "दोन आठवड्यांत मी अर्धा झालो. काल बाबा भाजी ताटाबाहेर टाकत होते तेव्हा माझा हात उचलला गेला, खाली यायच्या आत मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. मग सांभाळणाऱ्यांच्या बैठकीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना फोन केला, त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं." आणि मग तू विचारलंस, "तीन वर्षं तू एकटीनं हे कसं केलंस गं?"

तेव्हापासून तोच प्रश्न घेऊन फिरतेय. उत्तर असं आहे की मी नाही केलं. मला जमलं नाही. तू मला मोठी करू नकोस. तू बाल्कनीत गेलास ना, मला जाता आलं नव्हतं. तुझ्यापाशी फोन करायला माणूस होता, म्हणून तू चांगला ठरलास. माझ्याकडे असता तर मीही ठरले असते. ते शौर्य नव्हतं, दादा, नुसता हेका होता, आणि त्याचं माप बाबांच्या मनगटावर उमटलं.

बाई आल्या होत्या म्हणालास, न कळवता. त्यांना काय आवडतं माहीत आहे? चहा नाही, कौतुक तर नाहीच. परवा मी त्यांना फोन करून म्हटलं, मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू? तर म्हणाल्या, "तुमच्या दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना चष्मा देताना डबीवरचा नंबर मोठ्यानं वाचून दाखवत जा. बारीक छापलाय, वाचता येत नाही त्यांना." मी त्यांच्या कार्यालयाला पत्रही टाकलंय, छपाई मोठी करा म्हणून. बघू, बाबांची मुलगी आहे, पिच्छा सोडणार नाही.

सोमवारी सकाळी दहाला माझी गाडी पोचते. मी कधी कुणाला स्टेशनवर बोलावत नाही, तुला ठाऊक आहे. बॅग जड नाही, रिक्षा मिळते, रस्ताही पाठ आहे.

तरी ये. बाबांना घेऊन ये. ते मला ओळखणार नाहीत कदाचित, तू लांबून बोट करून दाखव.